जास्त उजेडाची तक्रार

ट्रान्सफॉर्मरवर ठोकलेली पाटी मी नोकरीत कधीच खरी मानली नाही. पाटी लिहिणारा माणूस वेगळा असतो आणि आतली वेटोळी गुंडाळणारा वेगळा. दोघांची गाठ पडलेली असेलच असं नाही. माझी बायको म्हणते, की तुम्ही आलेल्या पाहुण्यालाही आधी मीटर लावून बघता आणि मग चहा विचारता. तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. विजेच्या खात्यात टेस्टिंगचं काम करणाऱ्याला संशय हा पगाराबरोबरच मिळतो, आणि निवृत्त झाल्यावर पगार थांबतो, संशय थांबत नाही.

कोणत्या साली कुठल्या हुद्द्यावर होतो हे सांगून वाचकांना जांभया आणत नाही. एकाच गावाची गोष्ट सांगतो. पण त्याआधी स्टार आणि डेल्टा म्हणजे काय, एवढं समजून घ्यावं लागेल. घाबरू नका, सोपं आहे.

तीन फेजच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रत्येक बाजूला तारेची तीन वेटोळी असतात. तीन वेटोळ्यांची सहा टोकं. एकाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या, तिसऱ्याचं पुन्हा पहिल्याच्या, असं जोडत गेलं की त्रिकोण होतो. तो डेल्टा. आणि तिन्ही शेपट्या एकत्र आणून एकच गाठ मारली, तीन डोकी मोकळी बाहेर काढली, की झाला स्टार. त्या गाठीतून आणखी एक तार बाहेर येते, तिला न्यूट्रल म्हणतात. गावातल्या ट्रान्सफॉर्मरला मोठ्या दाबाच्या, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या, बाजूला डेल्टा असतो आणि घरांकडच्या बाजूला स्टार. कारण घरातल्या दिव्याला एक फेज आणि एक न्यूट्रल लागतो, आणि न्यूट्रल गाठीशिवाय मिळत नाही.

जोडणी कागदावर निरुपद्रवी दिसते. नागपूरच्या धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात दोन ट्रान्सफॉर्मर एकत्र चालवायचे होते. दोन्हींच्या पाट्यांवर जोडणी एकच लिहिलेली. डॉक्टर घाई करत होते. मी म्हटलं, आधी मीटर लावतो. "पाटीवर लिहिलंय ना हो स्वच्छ!" ते चिडून म्हणाले. मी उघड्या स्विचच्या दोन टोकांमध्ये व्होल्टमीटर धरला. जिथे काटा हलायला नको होता तिथे तो चांगला उडाला. एकाची जोडणी पाटीबरहुकूम होती, दुसऱ्याच्या आत कुणीतरी वेगळीच करून ठेवली होती. स्विच दाबला असता तर आधी स्विच गेला असता आणि मग बरंच काही. डॉक्टरांनी मला चहा पाजला, पण तुम्हीच काही गडबड केली नाही ना, अशा नजरेनं ते माझ्या मीटरकडे बघत होते. चूक उघडी पाडणाऱ्याकडे लोक असेच बघतात, हे मी तेव्हा शिकलो.

आता ते गाव. रामटेकच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांमधलं. नाव सांगत नाही, माणसांचीही नावं बदलली आहेत. सत्तरच्या दशकातली गोष्ट. गावाला वीज येऊन काही वर्षं झाली होती. भैयाजी म्हणून एक जुने मालगुजार, म्हणजे जमीनदार, होते. त्यांच्या आळीत पंखे, इस्त्री, विजेची शेगडी सगळं आलं होतं, आणि गावाबाहेर त्यांची धान भरडायची गिरणी होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला बौद्ध वस्ती. तिथे वीज नुकतीच पोचली होती, घरटी एक बल्ब. मधे बाजाराची गल्ली. तीन भाग, तीन फेज, अशी लाइनमननं सोयीची वाटणी केलेली.

तक्रार भैयाजींकडून आली होती, आणि अशी तक्रार मी आधी ऐकली नव्हती. संध्याकाळी दिवे लागले की मालगुजाराच्या आळीतले दिवे निखाऱ्यासारखे लाल होतात, आणि त्याच वेळी वस्तीतले दिवे लग्नघरासारखे झगमगतात. वस्तीवाल्यांनी लाइनमनला हाताशी धरून आमची वीज ओढून नेली आहे. लाइनमन वस्तीचा जावई आहे. चौकशी व्हावी.

साहेबांनी मला पाठवलं. म्हणाले, "तुम्ही तसेही कुणावर विश्वास ठेवत नाही. तुम्हीच जा."

मी दुपारी पोचलो. भैयाजी ओसरीवर बसले होते. साठीचे, गोरे, बोलणं हळू. "वानखेडे, मी कुणाचं नाव घेत नाही," ते म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास एकच नाव घेतलं. किसन लाइनमन. रोज दिवेलागणीला तो ट्रान्सफॉर्मरजवळ घुटमळताना दिसतो. तो तिथे गेला की थोड्या वेळात आमचे दिवे बसतात. त्यांच्या गड्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

"गिरणी चालते का त्या वेळी?" मी विचारलं.

"गिरणी मस्त चालते. गिरणीचं काय?"

मी ते मनात ठेवलं.

तिथून वस्तीत गेलो. मला वाटलं होतं, इथे लोक खुशीत असतील. सायत्राबाई नावाची एक बाई पुढे आली, किसनची सासू. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची. ती घरात गेली आणि सूप घेऊन बाहेर आली. सुपात धान नव्हतं, जळलेले बल्ब होते. काळे पडलेले, काही फुटलेले.

"हे पाहा सायेब. झगमगते म्हणे. झगमगते अन् फुटते. पोराचा रेडिओ जळला. बुद्धाच्या तसबिरीपुढं लावलेला बल्ब त्या दिवशी असा फुटला का काच भातात पडली."

"कशानं होतं असं वाटतं तुम्हाला?"

"वाटाचं काय त्याच्यात? आमच्याकडं लाईट आली हे त्याईले पाहवत नाई. त्याईची गिरणी बरी चालते मंग? तिले काही होत नाई, काहून?"

"किसन काय म्हणतो?"

तिनं तोंड फिरवलं. मागची एक म्हातारी म्हणाली, "जावईच बल्ब आणून देते अन् जावईच फोडते, असं लोक म्हणून राहिले. रामटेकच्या दुकानातून आणते ना तो, दोन पैसे सुटते त्याले. म्हून शेवंताले हिनं घरी आणून ठेवलं. जाऊ देत नाई नवऱ्याकडं."

म्हणजे सासूचाही जावयावर संशय, आणि तो इतका, की पोरगी माहेरी बसवलेली. बाजार गल्लीत विचारलं तर तिथले दिवे जवळजवळ ठीक होते. त्यामुळे दोन्हीकडचे लोक बाजारवाल्यांकडेही वाकड्या नजरेनं बघू लागले होते. ज्याचं काही बिघडलं नाही, त्यानंच केलं असणार.

किसन मला ट्रान्सफॉर्मरपाशी भेटला. तिशीचा, काटक, कपाळावर ताजी खोक. कुणीतरी दगड मारला होता. कुणी, हे त्यानं सांगितलं नाही.

"रोज संध्याकाळी इथे काय करतोस?" मी सरळ विचारलं.

"राखण करतो सायेब. कोणीतरी तारेवर आकडा टाकून राहिला, असा मले डाऊट हाय. सापडला पाहिजे म्हून बसतो."

"सापडला?"

"नाई. मीच सापडलो लोकाईले."

ते त्यानं हसून सांगितलं नाही. चोर पकडायला जो रोज तिथे बसत होता, त्याला तिथे बसलेला पाहून लोकांनी चोर ठरवलं होतं. पण हे त्याचं सांगणं. मी ते ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं, जसं पाटीवरचं ठेवतो तसं. खांबावर चढून मी बाहेरच्या सगळ्या जोडण्या हातानं हलवून पाहिल्या. सगळ्या घट्ट. न्यूट्रलची तार चांगली, जमिनीत पुरलेली पट्टी चांगली. मीटर लावला तर तिन्ही फेजना सारखा दाब. दिवसा सगळं ठीक आणि संध्याकाळी बिघाड. असा बिघाड दोनच प्रकारे होतो. एक तर भार वाढला की उघडी पडणारी एखादी सैल जागा असते, नाही तर माणूस असतो.

माणूस वगळायचा म्हणून मी किसनला म्हटलं, "ट्रान्सफॉर्मरच्या टाकीच्या झाकणाचं रबरी गॅस्केट लागेल कदाचित. रामटेकच्या स्टोअरमधून घेऊन ये. आताच नीघ, सकाळी परत ये."

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, सायकल काढली आणि गेला.

दिवेलागण झाली. मी मीटर घेऊन खांबावरच्या फळीवर बसलो. खाली बघे जमले होते. मालगुजाराच्या आळीतले लोक एका बाजूला, वस्तीतले दुसऱ्या बाजूला, मधे बाजारवाले. गिरणीचा आवाज लांबून येत होता. आळीत शेगड्या पेटल्या असाव्यात, कारण थोड्याच वेळात आळीकडचे दिवे लाल होत होत गेले, आणि वस्तीतून एक किंकाळी आली. बल्ब फुटला होता. किसन गावात नव्हता आणि बिघाड झाला होता.

"किसन नाही इथे," मी वरून ओरडलो. "बघताय ना सगळे?"

"जाताना करून गेला असंन!" खालून आवाज आला. कुठल्या बाजूनं, ते अंधारात कळलं नाही.

मी टाकीच्या बुशिंगवर मीटर धरला. बुशिंग म्हणजे चिनीमातीचा तो खुंट, ज्यातून आतली तार बाहेर येते. फेज आणि फेजच्या मधे सगळीकडे चारशे व्होल्ट, अगदी सारखे. म्हणून गिरणी मजेत चालत होती, तिला न्यूट्रलशी काही देणंघेणं नसतं. पण फेज आणि न्यूट्रलच्या मधे, जिथे दोनशे तीस हवेत, आळीच्या फेजला दीडशे, वस्तीच्या फेजला तीनशेच्या वर, आणि तिसरा, म्हणजे बाजार, जवळपास जागच्या जागी. हे मी गावच्या तारांवर मोजत नव्हतो, टाकीच्या डोक्यावर मोजत होतो. म्हणजे आकडा नाही, खांब नाही, घर नाही. दोष टाकीच्या आत होता. गाठीतून बाहेर येणारी तार आतल्या आत सुटत होती.

मी वीज बंद करवली आणि सगळ्यांना सकाळी यायला सांगितलं. गाव अंधारात गेलं. त्यावरूनही माझ्यावर दोन-तीन संशय घेतले गेले, ते कानावर आले.

सकाळी किसन गॅस्केट घेऊन हजर होता. डोळे तांबारलेले. सारं गाव पारापाशी गोळा झालं, भैयाजींसाठी खुर्ची आणली. मी बैलांचे तीन कासरे मागवले आणि एक लोखंडी कडी. तिन्ही कासरे कडीला बांधले, कडी मधे एका खुंटीत अडकवली. एक कासरा भैयाजींच्या धिप्पाड गड्याच्या हातात, एक बाजारातल्या शिंप्याच्या, आणि एक वस्तीतल्या एका हडकुळ्या म्हाताऱ्याच्या. तिघांना तीन कोपऱ्यांत उभं केलं आणि म्हटलं, जागा सोडायची नाही, फक्त ओढायचं.

"ही कडी म्हणजे टाकीतली गाठ," मी म्हणालो. "कासऱ्याची लांबी म्हणजे तुमच्या दिव्याला मिळणारा दाब. खुंटी आहे तोवर कितीही ओढा, तिघांना सारखंच. आता बघा."

मी खुंटी उपटली. कडी सरकत गड्याकडे गेली, आणि म्हातारा हात लांब करत, अंगठ्यांवर उभा राहत ओरडला, "अरे हळू गा, खांदा उखडते माया!" लोक हसले. त्या गावात दोन्ही बाजू एकत्र हसलेल्या मी फक्त तेव्हाच पाहिल्या.

"जो जास्त वीज ओढतो त्याचा कासरा आखूड होतो, दिवा मंद होतो. ज्याच्या घरी एकच बल्ब, त्याचा कासरा ताणतो, बल्ब फुटतो. तुमची वीज कुणी नेली नाही भैयाजी. तुमच्या शेगड्यांनीच तुमचे दिवे बसवले आणि यांचे फोडले."

भैयाजी कडीकडे बघत होते. मग शांतपणे म्हणाले, "पटलं. पण खुंटी कुणी उपटली?"

हसू थांबलं. सगळ्या माना किसनकडे वळल्या. मला हे अपेक्षित होतं. मी भैयाजींना आणि सायत्राबाईला टाकीजवळ नेलं. टाकी खाली उतरवून घेतली होती. झाकणाच्या कडेनं बोल्ट होते आणि त्यांच्यावर रंग. कारखान्यातून निघताना झाकण लावल्यावर रंग मारतात, तो बोल्टवरून झाकणावर सलग ओघळून वाळलेला होता. पाना लागला की हा रंग तडकतोच, दुसरा मारला तर छटा वेगळी दिसते.

"प्रत्येक बोल्ट बघा," मी म्हणालो. "कुठे रंग तडकलाय? बोट फिरवून बघा."

भैयाजींनी वाकून पाहिलं. सायत्राबाईनं तर एकेका बोल्टवर नख घासलं. रंग अखंड होता. ही टाकी इथे आल्यापासून कुणीही उघडलेली नव्हती.

मग मी सर्वांसमोर ती उघडली. थोडं तेल काढलं, झाकण उचललं. न्यूट्रलच्या बुशिंगखाली आतल्या बाजूचा नट ढिला होता, जागा जळून काळी झालेली. भार वाढला की तिथे ताप यायचा, ठिणगी पडायची आणि जोड उघडा व्हायचा. भार उतरला की पुन्हा टेकायचा. कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी शेवटचा पीळ दिला नव्हता, किंवा वाटेत धक्क्यांनी नट सैल झाला होता. ते कळायला मार्ग नव्हता.

सायत्राबाईनं त्या काळ्या जागेवर बोट टेकवलं. "म्हंजे कोणीच केलं नाई?"

"कोणीच नाही."

"असं कसं होईन सायेब? इतके बल्ब फुटले, जावयाचं डोस्कं फुटलं, पोरगी माह्या घरी रडून राहिली, अन् कोणीच नाई?"

तिचा चेहरा सुटकेचा नव्हता. कुणीतरी सापडायला हवं होतं, ते सापडलं नाही, अशी ती गोंधळली होती. जोड साफ करून, नट पक्का करून आम्ही टाकी वर चढवली. संध्याकाळी दिवे लागले ते तिन्हीकडे सारखे. सायत्राबाई किसनपाशी आली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "जेवाले ये घरी."

"शेवंताले धाडून द्या," किसन म्हणाला. "जेवण आमच्या घरीच होईन."

ती गेली. जेवणवेळ व्हायच्या आत शेवंता गाठोडं घेऊन त्याच्या दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी किसन मला सायकलवर डबलसीट बसवून बसथांब्यापर्यंत सोडायला आला. थांब्यावर उतरल्यावर म्हणाला, "सायेब, एक विचारू? मले त्या दिवशी रामटेकले काहून धाडलं होतं? गॅस्केट तर टाकी उघडाच्या आधीच मागवलं तुमी."

"तू नसताना बिघाड होतो का, ते बघायचं होतं."

"तसंच वाटलं मले. म्हून मी गेलोच नाई."

मी मीटरची पेटी खाली ठेवली.

"बांधाच्या धुऱ्यामागं बसलो होतो. धानात. मले वाटलं, भैयाजीकडं चहा पिऊन आलेला माणूस, माह्या नावावर काहीतरी करून ठेवते का काय. तुमी खांबावर मीटर पाहून राहिले, अन् मी तुमाले पाहून राहिलो. तुमी खाली उतरून जेवाले गेले, तवा सायकल हाणली."

म्हणजे ज्या पुराव्यावर मी त्याला मनातून सोडून दिलं होतं, तो पुरावाच नव्हता. तो तिथेच होता, हातभर अंतरावर. टाकीवरचा रंग तडकलेला असता आणि तो धानात लपलेला कुणी पाहिला असता, तर मी खांबावरून 'किसन नाही इथे' असं ओरडून जी साक्ष काढली होती, ती त्याच्याच गळ्यात आली असती. मला हसू आलं. तोही हसला. बस आली.

काही महिन्यांनी किसनची बदली झाली. त्यानं मागितली नव्हती. गावातून 'वातावरण बिघडू नये' अशी वरपर्यंत विनंती गेली होती, एवढंच मला कळलं. मी दोन शब्द त्याच्या बाजूनं बोललो, ते कुणी फारसे ऐकले नाहीत. तो उमरेडकडे गेला, शेवंताही गेली. जागेवर नवा लाइनमन आला, तो ना वस्तीचा, ना आळीचा.

त्यानंतर एकदा भैयाजी नागपुरात आमच्या ऑफिसात आले. दुसऱ्याच कुठल्या कामासाठी, गिरणीचा भार वाढवून घ्यायचा होता. काम झाल्यावर ते माझ्या टेबलापाशी येऊन बसले. मी विचारलं, दिवे कसे आहेत?

"उत्तम," ते म्हणाले. "काही तक्रार नाही."

पण उठेनात. इकडे तिकडे पाहून खुर्ची जरा पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"वानखेडे, त्या नव्या माणसाकडे जरा लक्ष असू द्या. मी नाव घेत नाही. पण परवा रात्री वस्तीवरून येत होतो. त्यांचा दिवा आणि आमचा दिवा, अगदी सारखा. तंतोतंत. आता तुम्हीच सांगा, असं आपोआप होतं का?"

थट्टा करतायत की काय, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.